तळ्याकडची वाट

“अहो, थांबा जरा. पायांत गोळे आलेत,” म्हणत वनरक्षकाची बायको आडव्या पडलेल्या ओंडक्यावर टेकली.

“बसा, बसा,” पाहणीला आलेल्या मॅडम हसल्या. “तुम्ही दमाल तिथं आम्ही बाक टाकणार. त्यासाठीच तर तुम्हाला आणलंय.”

अभयारण्यातल्या कोणत्या वाटा पर्यटकांसाठी खुल्या करायच्या, हे मॅडमना ठरवायचं होतं. वयस्क माणसांना काय झेपेल हे पाहायला कुणीतरी हवं होतं, तेव्हा वनरक्षकानं बायकोलाच पुढं केलं. तिचा सगळा संसार जंगलाला लागून असलेल्या क्वार्टरमध्ये झाला. पण जंगल तिनं पाहिलं ते नवऱ्याच्या पँटीला चिकटून आलेल्या कुसळांतून.

टेकडीची वाट सकाळीच बघून झाली होती. आता ही तळ्याकडची. ही त्यानं स्वतः पाडलेली. झुडपं छाटून, ओढ्यात पाय ठेवायला दगड टाकून त्यानं ती वर्षानुवर्षं जपली होती. निवृत्ती तोंडावर आली होती. आपल्यामागं या वाटेनं माणसं चालावीत, पोरांनी तळं पाहून ओरडावं, एवढीच त्याची हौस. म्हणून आज तो सारखा पुढं पळून फांद्या बाजूला धरत होता.

“एवढ्या कशाला धरता? मी काय हत्तीण आहे?”

“बोलू नकोस. दम लागेल.”

तळं दिसलं तशी ती खरंच बोलायची थांबली. तिघं काठावर बसली. मग ती म्हणाली, “इतकी वर्षं एकटेच बघत होतात होय हे?”

“तू आली असतीस?”

“तुम्ही कधी म्हणालात, चल?”

त्यानं पाण्याची बाटली उघडून तिच्यापुढं धरली.

“अगबाई! मांजर पोहतंय!”

“पाणमांजर आहे ते. हळू बोल.”

काठावरच्या झाडाच्या मुळांखालून ते निघालं होतं. तोंडात पिल्लू. त्यानं एकदा यांच्याकडे वळून पाहिलं आणि पाणी कापत पलीकडचा काठ गाठला. परत आलं, दुसरं पिल्लू उचललं. मॅडमनी वर केलेला कॅमेरा हळूच खाली घेतला.

“घर हलवतंय,” वनरक्षक पुटपुटला. “मी नेहमी येतो. कधी हललं नाही.”

“तुमचं एकट्याचं येणं चालवून घेतलं बिचारीनं,” बायको म्हणाली. “आपण तिघं गप्पा ठोकत बसलो, तशी बिऱ्हाड उचलून निघाली.”

दुसरं पिल्लू पलीकडं पोचेपर्यंत तो बघत राहिला. मग म्हणाला, “मॅडम, ही वाट नको.”

“बघा हं. सुट्टीच्या दिवशी इथं रीघ लागेल.”

“लागेल ना. म्हणूनच.”

मॅडमनी मान डोलावली. “माझ्याही मनात तेच आलं. पण वाट तुमची. म्हटलं, आधी तुम्ही बोलावं.”

“टेकडीची घ्या की,” बायको म्हणाली. “बाक तेवढे पाठ टेकायचे टाका.”

परत येताना मॅडम पुढं गेल्या. वाटेच्या तोंडाशी थांबून त्यानं काटेरी फांद्या तोडल्या. बायकोनं त्या ओढून आडव्या रचायला हात लावला.

“आता तुम्हीसुद्धा जायचं नाही?”

“मीसुद्धा नाही.”

“मग उद्या टेकडीवर चला. दोघंच. आणि मला ‘चल’ म्हणा.”

तो हसला. “चल.”

शेवटची फांदी लावताना काटा त्याच्या तळहातात रुतला. “आणा इकडं,” म्हणत तिनं हात ओढून घेतला. ती नखानं काटा उकरत होती, आणि तो फांद्यांच्या फटीतून, खाली उतरत गेलेल्या आपल्या वाटेकडे बघत उभा होता.