नवऱ्याचे वाढलेले केस

सलून चालवणाऱ्या कात्रीबाईंचा नवरा गेले कित्येक महिने अस्वलासारखा हिंडत होता. कानांवर केस, मानेवर केस. "बायकोशिवाय कुणाला डोक्याला हात लावू देणार नाही," हा त्याचा हट्ट, आणि बायकोची बोटं तर सुजून टम्म! सकाळी मूठ वळत नव्हती, कात्रीत अंगठा शिरत नव्हता. वर्षअखेरीस सलूनची किल्ली दुसऱ्याच्या हातात द्यायची, असं बाईंनी रडत रडत ठरवलं होतं.

नवरा प्रेमळ, पण भारी उपद्व्यापी. "तुझी प्रतिकारशक्ती कमी पडतेय," म्हणत रोज कसली तरी पूड पाण्यात ढवळून पुढ्यात धरायचा. बाई बिचाऱ्या नाक दाबून प्यायच्या. गुण शून्य.

डॉक्टरीणबाईंनी रक्ताचे रिपोर्ट पाहिले, पुडीचा डबा पाहिला आणि कपाळावर हात मारून घेतला.

"अहो, यांची शक्ती कमी नाही, उतू चाललीय! जंतू शिरले की पेशी एकमेकींना निरोप धाडतात, 'धावा, सूज आणा.' काम झालं की दुसऱ्या पेशी 'पुरे आता' म्हणतात. यांच्या सांध्यांत जंतू नाहीतच, तरी 'धावा'ची हाकाटी थांबत नाही आणि 'पुरे'ला कुणी जुमानत नाही."

"म्हणजे मी आगीत तेल ओतत होतो?" नवऱ्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"निदान विझवत तरी नव्हता. पूड बंद. हे इंजेक्शन तो 'धावा'चा निरोपच वाटेत पकडतं. फक्त आता खरे जंतू आले तरी हाक कमीच जाईल, म्हणून ताप आला तर अंगावर काढायचा नाही, थेट इकडे यायचं."

"कात्री धरता येईल?" बाईंनी एवढंच विचारलं.

"धीर धरा. बघू."

पहिले काही आठवडे ढिम्म फरक नाही. बाईंनी कात्री खणात टाकली, वर रुमाल टाकला. मग एका सकाळी दात घासून त्यांनी नळ घट्ट बंद केला आणि त्या तिथंच थबकल्या. रोज नवऱ्याला हाक मारावी लागायची! मूठ आवळून पाहिली. वळली! पुन्हा आवळली.

"अहो, उठा! आधी खाली सलूनमध्ये चला!"

नवरा अर्धवट झोपेत खुर्चीत बसला. अंगठा कात्रीत अलगद शिरला. कच्! केसांचा झुपका फरशीवर पडला. बाई आनंदानं ओरडल्याच.

"अगं, कान सांभाळ!"

"गप्प बसा. किल्ली कुणाला मिळणार नाही, सांगून टाका."

आरशात नवऱ्याचे खांदे गदगदू लागले.

"रडा खुशाल," डोळे पुसत बाई म्हणाल्या, "पण हलू नका, वाकडं कापलं जाईल."