चौथ्या मीटरखाली

पोदलुझमध्ये आमचा ट्रक शिरला तेव्हा कंटेनरवस्तीतली माणसं रस्त्याच्या दोन्ही कडांना उभी होती. स्वागताला नव्हे. ड्रिना नदीच्या पुरात घरं गेलेली बेचाळीस कुटुंबं पाच वर्षं त्या पत्र्याच्या डब्यांत राहत होती. त्यांच्या नव्या घरांच्या जागेची माती तपासायला आलेले आम्ही तिसरे. आधीचे दोघे "अजून तपासायला हवं" एवढंच लिहून पसार झाले होते.

मी मिलुतिन. सव्वीस वर्षं जमिनीला भोकं पाडतोय. बरोबर इंजिनियर नेवेन्का तुबिच, चाळिशीची, मोजकं बोलणारी.

"कॉफीची वाट बघू नका!" एक बाई ओरडली. "आधी घरं द्या."

वस्तीच्या समितीचा प्रमुख रानिसाव झुगिच सरळ आमच्या भोक पाडायच्या तिपाईपाशी येऊन उभा राहिला. पूर्वी लाकूड कापायच्या गिरणीत मुकादम होता. आवाज अजून तसाच.

"मी इथून हलणार नाही. प्रत्येक घाव मी मोजणार."

"मोजा," नेवेन्का म्हणाली.

काम साधंच असतं. साडेत्रेसष्ट किलोचा घण पाऊण मीटरवरून सळईच्या डोक्यावर पाडायचा. सळई तीस सेंटिमीटर आत जायला किती घाव लागले, ते लिहायचं. घाव जितके जास्त, तितकी जमीन घट्ट. दुमजली घराला दहाबारा तरी हवेत.

दुसऱ्या मीटरला चौदा आले. "चौदा!" रानिसाव गरजला. लोकांनी टाळ्या पिटल्या. चौथ्या मीटरखाली आले दोन.

"चोर आहेस तू!" त्याने माझी कॉलर धरली. "खुणेच्या वर उचलतोस घण. बघतोय मी!"

"त्यांना सोडा आणि घणाचा दोर तुम्ही धरा," नेवेन्का म्हणाली. तिने पाऊण मीटरची खूण खडूने पुन्हा ठळक केली.

मी आणखी मीटरभर भोक पाडलं, सळई उतरवली आणि दोर त्याच्या हातात दिला. त्याने घण सावकाश सळईवर टेकवला. अजून उचललाही नव्हता, तोच सळई हातभर खाली गेली. कुणी ठोकली नव्हती. नुसत्या वजनानेच गेली. रानिसाव दोर धरून तसाच उभा. सळईच्या टोकाची, माती धरणारी नळी वर काढून उघडली, तर आत काळा, कुजक्या वासाचा गाळ आणि त्यात लव्हाळ्याची अख्खी पाती. कधीकाळी नदी तिथून वाहत होती.

"हे तू लिहिणार नाहीस," तो नेवेन्काला म्हणाला. आता तिलाही 'तू' म्हणायला लागला होता.

"शून्य लिहिणार."

"माझी आई ब्याऐंशी वर्षांची आहे. गेल्या हिवाळ्यात त्या डब्यात तिच्या उशीवर बर्फ धरला होता. तिला काय सांगू? शून्य?"

"कललेल्या घरात नेऊन ठेवू का त्यांना?"

त्याने नमुन्यांचा खोका उचलला आणि नदीत भिरकावला. मागून कुणाचा तरी दगड आला, माझ्या खांद्याला लागला. नेवेन्का वाकून नवा खोका उघडायला लागली. नळीतला गाळ तिने त्यात भरला आणि वर नाव, खोली, तारीख नीट घातली.

आणखी तीन दिवस होतो आम्ही. बेकरीवाल्याने पाव द्यायचं नाकारलं. खोली दिलेल्या म्हातारीने दुसऱ्या दिवशी आमच्या पिशव्या अंगणात आणून टाकल्या. आम्ही ट्रकमध्ये झोपलो. चारही भोकांत तेच. अकरा मीटरखाली मात्र घट्ट खडी लागली, अडतीस घाव.

अहवालावर गावच्या साक्षीदाराची सही लागत होती. रानिसाव नाही म्हणाला असता, तर सगळं पहिल्यापासून करावं लागलं असतं. वस्तीतली माणसं त्याच्याभोवती उभी होती. "करू नकोस रे! विकला गेलास का?" असं त्याचा सख्खा मेहुणा सगळ्यांदेखत म्हणाला.

रानिसावने सही केली. पेनाने कागद फाटला, इतकी दाबून.

"मी स्वतः मोजलंय. खोटं कसं म्हणू?" तो नेवेन्काला म्हणाला. "पण तुझं तोंड पुन्हा दिसायला नको मला."

खडीपर्यंत खांब उतरवायचे ठरले. त्यात सतरा महिने गेले. मधल्या हिवाळ्यात वस्तीतली दोन म्हातारी माणसं दगावली. त्यातली एक रानिसावची आई.

लोक घरांत राहायला गेल्यावर वर्षभराने पाहणीला नेवेन्काच यायची होती, कुठे भिंत तडकलीय का, घर कलून दार अडकतंय का ते बघायला. दुसऱ्या कुणाला पाठव, असं मी तिला सांगून पाहिलं. ती आलीच, बरोबर मीही. रानिसावच्या दारात तिने आधी दोन शब्द सांत्वनाचे काढले. त्याने ते पुरे होऊ दिले नाहीत.

"भिंती बघायच्यात? बाहेरून बघ," म्हणाला आणि दार तिच्या तोंडावर धाडकन लावलं.

 पायरीवरच वही उघडून तिने लिहिलं : घर क्रमांक नऊ, दार न अडकता बंद होतं. आणि शेजारच्या घराकडे वळली.