एकशे ऐंशी डॉलरची रायफल

"नख धर आत," मर्ना काउंटरमागून म्हणाली. "नळी बघायची तर अंगठ्याचं नख धरायचं. हे आता तुला मी शिकवायचं का, रेनो?"

रेनो हेक्किलाने रायफलचा बोल्ट, ज्याच्याशिवाय गोळी सुटत नाही तो पोलादी दांडा, मागे ओढून बाहेर काढला, काउंटरवर ठेवला आणि मोकळ्या झालेल्या खाचेत अंगठ्याचं नख धरून रायफलच्या तोंडाशी डोळा नेला. नखावरून परतलेला खिडकीचा उजेड नळीतल्या पिळावरून गोल गोल चढत वर आला. नळी स्वच्छ होती. बाकीच्या रायफलबद्दल तसं म्हणता आलं नसतं. दस्ता मुठीपाशी तडकलेला आणि कोणीतरी घाईने चिकटवलेला, पोलादावरची निळी झिलई हाताळून हाताळून गेलेली, दुर्बीण बसवायच्या जागी चार रिकामी भोकं.

"एकशे ऐंशी," मर्ना म्हणाली. "तशी दोनशेची आहे. वीस त्या भेगेचे सोडलेत."

शेगडीजवळच्या खुर्चीत बसलेल्या लेस्टर पेल्टोने कॉफीचा कप खाली ठेवला. दुकान उघडल्यापासून तो बोलतच होता. "गोळी घालायची गरजच नाही रे. नुसती वर करून दाखव. हरणं हसून हसूनच मरतील."

"तुला गेल्या साली काय मिळालं, लेस्टर?"

"सर्दी."

नोव्हेंबरची तेरा तारीख होती. पंधराला हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडायचा. सुपीरियर सरोवराच्या दक्षिणेकडच्या या मुलखात पंधराला शाळा बंद असते, कोर्ट बसत नाही, आणि त्या दिवशी मेलेल्यालाही सोळापर्यंत ताटकळावं लागतं. पन्नास वर्षांत रेनो त्या दिवशी घरी राहिला नव्हता. यंदा मात्र त्याच्या घरात बंदूकच नव्हती.

बायको गेली एप्रिलमध्ये. लोइसच्या उपचारांना विमा कंपनीने दोनदा नकार दिला. तिसऱ्या अर्जाच्या मंजुरीचं पत्र अंत्यविधीनंतर अकराव्या दिवशी आलं. पत्राची भाषा निर्दोष होती, आणि अखेरीस पेशंटच्या प्रकृतीला शुभेच्छाही होत्या. रेनोने ते नीट घडी घालून ठेवलं. एकतीस वर्षं त्याने रस्त्यावरचा बर्फ सारणारा कौंटीचा बर्फनांगर चालवला होता. सरकारी कागद फाडायचा नसतो, हे त्याच्या अंगवळणी पडलं होतं, आणि हा कागद सरकारी नाही हा भेद करण्याइतकं त्राण त्या दिवशी त्याच्यात नव्हतं.

पण बंदुका गेल्या त्या याआधीच, अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशी. लोइसचा भाऊ क्लिफर्ड ट्रेम्बाथ ट्रक घेऊन आला होता.

"तुझं तळघर फार ओलं," क्लिफर्ड दाराच्या चौकटीकडे बघत म्हणाला होता. "गंज चढेल. माझ्याकडे कोरडं आहे. नेतो, साफ करून ठेवतो."

"ने."

तळघर ओलं नव्हतं. बंदुका तळघरात नव्हत्याच; झोपायच्या खोलीतल्या कपाटात होत्या. दोघांनी मिळून त्या चारही खाली आणल्या, रेनोने दार उघडून धरलं, आणि ट्रक निघताना दोघंही हवेबद्दल बोलले.

ही इथली रीत आहे. एखाद्याची गिरणी बंद पडते, एखाद्याची बायको जाते. शेजारणी झाकलेली भांडी घेऊन येतात आणि त्याच आठवड्यात कोणीतरी बंदुका साफ करायला नेतो. नेणारा खोटं कारण सांगतो, देणारा ते खरं मानतो. मनाचा डॉक्टर इथून एकशे दहा मैलांवर आहे. क्लिफर्डच्या बायकोने रेनोसाठी मे महिन्यात फोन केला तेव्हा डॉक्टरकडे पुढच्या फेब्रुवारीतला दुसरा मंगळवार रिकामा होता. दुःखाने तोवर थांबावं, अशी त्या व्यवस्थेची अपेक्षा असावी. गावाला तोवर थांबता येत नाही, म्हणून गावाने ट्रक आणि कोरडी तळघरं एवढ्यावर आपलं आरोग्य खातं चालवलं आहे.

या रीतीचा उत्तरार्ध अवघड आहे. बंदुका परत मागायला जावं लागतं. आणि मागितल्यावर, तळघराचं दार उघडण्याआधी, ठेवून घेणारा क्षणभर मागणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघतो. तो क्षण रेनोला नको होता. दोनदा तो क्लिफर्डच्या फाटकापर्यंत जाऊन आला. पहिल्यांदा घर गरम करायच्या भट्टीच्या जाळीबद्दल बोलला. दुसऱ्यांदा शिडी मागून घेतली. शिडी त्याच्याकडे होतीच.

म्हणून तो इथे आला होता. रायफल विकत घेतली तर क्लिफर्डच्या चांगुलपणाच्या तोंडावर दार आपटल्यासारखं होणार होतं, आणि दुपारच्या जेवणापर्यंत ते साऱ्या गावाला कळणार होतं. नाही घेतली तर पंधराला घरात बसायचं, आणि रेनो हेक्किलावर अजून भरवसा ठेवता येत नाही हे गावाला न सांगता कळू द्यायचं. पंचवीस मिनिटं तो त्या तडकलेल्या दस्त्यावरून बोटं फिरवत उभा होता. अखेर त्याने रायफल काउंटरवर ठेवली.

"देऊन टाक."

"विचार कर. क्लिफर्डकडे तुझ्या चार चांगल्या—"

"देऊन टाक म्हटलं ना, मर्ना."

मर्नाने संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला. सरकारचे प्रश्न होते. तू फरारी आहेस का? तुला शिक्षा झाली आहे का? कोर्टाने तुला कधी मनोरुग्ण ठरवलं आहे का? रेनोने खिशातला चष्मा लावून प्रत्येक प्रश्न दोनदा वाचला आणि खरी उत्तरं दिली. रात्री झोप लागते का, जेवतोस कोणाबरोबर, असं त्यात काही नव्हतं. चार मिनिटांत उत्तर आलं की हरकत नाही. राष्ट्राला त्याच्याबद्दल आणखी काही जाणून घ्यायचं नव्हतं.

"काडतुसं?" मर्नाने विचारलं.

"एक डबी."

"एका डबीत काय होतंय? अनोळखी रायफल, दुर्बीण नाही. जुन्या खाणीच्या खड्ड्यात नेऊन नेम बसवशील त्यातच निम्मी उडतील."

"एक पुरे."

मर्नाचा हात फळीकडे गेला होता, तो तिथेच राहिला. ती वळली. "बरं, आणि परवाना?"

"कसला परवाना?"

"हरणाचा, रेनो."

शेगडीतलं लाकूड फुटल्याचा आवाज आला. परवान्याची पिवळी पाटी रेनोच्या डोक्यावर हातभर अंतरावर टांगलेली होती. हंगामाच्या दोन दिवस आधी रायफल विकत घेणारा माणूस काडतुसं विसरेल, पाकीट विसरेल. परवाना विसरत नाही. इथली पोरं वाचायला शिकतात ती त्या परवान्यावरूनच.

"लोइस काढायची," तो म्हणाला. "दोघांचे. सप्टेंबरमध्येच काढून ठेवायची."

"माहितेय. इथूनच न्यायची."

"तेच. म्हणून राहिलं."

हे खरं होतं. पण बोलून झाल्यावर रेनोला स्वतःचंच उत्तर पुन्हा ऐकू आलं. गेला आठवडाभर तो ही खरेदी मनात रंगवत होता. दुकानात जाणं त्याने बघितलं होतं. रायफल घरी आणणं बघितलं होतं, रिकाम्या कपाटात ती उभी करून ठेवणं बघितलं होतं. त्यापुढचं काही आठवतं का म्हणून त्याने आत शोधलं. पहाट नव्हती. देवदारांखालचा बर्फ नव्हता, खुरांच्या खुणा नव्हत्या, हरीण नव्हतं. चित्र कपाटापाशी संपत होतं. इतक्या दिवसांत हे आपल्या लक्षातही आलं नाही, याची त्याला भीती वाटली. वादळात नांगरासमोर रस्त्याची कड दिसेनाशी व्हायची, तसंच हे होतं. अशा वेळी एकच करायचं असतं. गाडी उभी करायची.

"मी जंगलात जाणार आहे का, मर्ना," तो म्हणाला, "ते मला माहीत नाही. खरंच माहीत नाही."

मर्नाने त्याच्या हातावर हात ठेवला नाही. अरेरे म्हणाली नाही. चष्मा कपाळावर सरकवून ती त्याच्याकडे बघत राहिली. जो क्षण टाळायला तो क्लिफर्डच्या फाटकावरून परतला होता तो इथे, खिळ्यांच्या पेट्या आणि कुलपांच्या मधोमध, येऊन गेला. आणि त्यातून माणूस जगतो असं दिसलं.

"परवाना काढू?" तिने विचारलं.

त्याने पाकीट काढून काउंटरवर ठेवलं. "काढ."

तिने परवाना छापला, सहीला दिला. मग काउंटरवर पडलेला बोल्ट उचलून स्वतःच्या बाजूला ठेवला.

"हा इथे राहील. पंधराला मी पहाटे पाचला उघडते. यायचं, घ्यायचा, जायचं. अंधार पडायच्या आत परत आणून द्यायचा. रोज, हंगाम संपेपर्यंत. पुढचं पुढे बघू."

"आणि बोल्टशिवाय मी घरी काय नेतोय?"

"एकशे ऐंशी डॉलरची काठी."

"बाहेर लोक विचारतील."

"इथलं कोणी विचारणार नाही. आणि परत आला नाहीस, तर मी क्लिफर्डला फोन करत बसणार नाही. स्वतः येईन तुझ्या घरी. बर्फात गाडी चालवायचा मला किती कंटाळा आहे ते तुला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे. दोनदा मीच ओढून काढलीय तुला खड्ड्यातून."

"तीनदा."

या ठिकाणी लेस्टरने काहीतरी बोलायला हवं होतं. काठीवर बोलता आलं असतं, मर्नाच्या गाडी चालवण्यावर तर आलंच असतं. पण लेस्टर खुर्चीतून उठला होता. त्यांच्याकडे पाठ करून तो भिंतीलगतच्या बर्फाच्या फावड्यांपाशी उभा होता आणि एका फावड्याच्या दांड्यावरची किमतीची चिठ्ठी मन लावून वाचत होता. इतकी लांबलचक किंमत जगात कुठल्याही फावड्याची नसेल.

मर्नाने काउंटरखालचा खण ओढला.

आत फ्लॅनेलच्या चिंध्यांत गुंडाळलेले बोल्ट एकाशेजारी एक निजवलेले होते. सात असतील, आठ असतील. प्रत्येकाला सुतळीने एक पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला आणि त्यावर ज्याच्या त्याच्या अक्षरात नाव. एक तुकडा रेनोच्या इतका जवळ होता की चष्म्याशिवायही वाचता आला असता. त्याने चष्मा काढून मिटला, खिशात ठेवला आणि खिडकीबाहेर बघू लागला.

"नाव," मर्ना म्हणाली आणि कोरा पुठ्ठा आणि पेन्सिल पुढे सरकवली.

त्याने अंदाजानेच, मोठ्या अक्षरांत नाव लिहिलं. मर्नाने गाठ मारली, बोल्ट चिंधीत गुंडाळला, बाकीचे थोडे थोडे सरकवून जागा केली. खण चटकन बंद होईना. कमरेने दोनदा रेटा दिला तेव्हा कुठे तो आत गेला.