लोरेनाचा वेग

बेलट्रीचा मेयर डॅरेल हॉफस्टेटर आठवडाभर गाद्या विकतो आणि गुरुवारी न्याय. गादी पटली नाही तर निदान परत करता येते.

ओहायोतल्या लहान गावांना ही मुभा आहे. मेयरच न्यायाधीश. दंड तोच ठोठावतो, आणि त्या दंडातून पोलिसाचा पगार, पोलिसाची गाडी आणि चार जुलैची आतषबाजी निघते. एवढं करून तो निःपक्षपाती असतो, असं तो स्वतःच सांगतो.

मी माझ्या बायकोच्या केससाठी गेलो होतो. बायको वारली होती.

लोरेनाने सगळी नोकरी शाळेची बस चालवण्यात काढली. बर्फात, धुक्यात, मागे चाळीस पोरं किंचाळत असताना. तिच्या नावावर कधी दंडाची एक चिठ्ठी लागली नाही. निवृत्त झाल्यावर, सप्टेंबरात, बरण्यांची झाकणं घेऊन घरी येताना तिला ट्रेंट बिग्लोने थांबवलं. गावातला एकमेव पोलीस. लहानपणी तिच्याच बसने शाळेत जायचा. पस्तीसच्या हद्दीत अठ्ठावन्न मैल, असं त्याने लिहिलं.

"मी पस्तीसनेच होते, व्हर्न," ती म्हणाली. "काट्याकडे बघतच होते. तिथे तो दडून बसतो हे कुणाला माहीत नाही?"

तिची बहीण म्हणाली, पैसे भर आणि मोकळी हो. लोरेना म्हणाली, "जे केलं नाही ते केलं म्हणून सही कशी करू?" तिने गुन्हा कबूल नाही असं कळवलं आणि तारीख घेतली. तारखेच्या आधीच एका सकाळी कॉफी लावायला उठली आणि स्वयंपाकघरातच गेली.

त्या आठवड्याच्या पेपरात तिचं नाव दोनदा छापून आलं. एकदा मृत्यूच्या बातम्यांत आणि समोरच्याच पानावर वेगात सापडलेल्यांत. अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात लोक हॅम आणि बटाटे खात होते, तेव्हा माझ्या पाठीमागे कुणीतरी म्हणालं, "वय झालं की गॅसवरचा पाय जड होतो गं. बरं झालं, कुणाला ठोकलं नाही." मी वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बटाट्याचं भांडं फेकलं असतं.

म्हणून गुरुवारी गेलो. गावच्या सभागृहात बाकं भरलेली होती. मेयर अजून आला नव्हता. टेबलापाशी बॉनी, त्याची कारकून, पाकिटं लावत होती.

"अरे व्हर्न, तू कशाला आलास? लोरेनाची केस आम्ही सकाळीच बंद केली. मी फोन करणारच होते."

"का बंद केली?"

"का म्हणजे... ती गेली ना."

"ती गेली म्हणून बंद केली, की तिने काही केलं नव्हतं म्हणून?"

"तेच ते. दंड नाही काही नाही. सुटलास बाबा."

"मी कुठे अडकलो होतो, बॉनी?"

तेवढ्यात डॅरेल आला. अंगात काळा झगा. तो झगा चर्चच्या गाणाऱ्यांचा आहे, हे गावात सगळ्यांना माहीत आहे, कारण आम्हीच नवे झगे घ्यायला वर्गणी दिली होती. त्याने चेहरा पाडला आणि रेडिओवर गाद्यांच्या जाहिरातीत लावतो तो आवाज लावला.

"मिस्टर स्टकी, तुमच्या दुःखात सारं गाव सहभागी आहे."

"दुःख माझं मी बघेन. लोरेना वेगात नव्हती एवढं इथे मोठ्याने म्हणा, मी जातो."

"तसं म्हणता येत नाही. आरोपी हजर नाही."

"हजर आहे. चर्चच्या मागे. कुठे जात नाही ती. पाठवा समन्स."

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. डॅरेलही हसला. नोव्हेंबरात निवडणूक होती, त्यामुळे त्या दिवसांत तो सगळ्यांबरोबर हसायचा.

"व्हर्न, समजून घे. ट्रेंटकडे रडार आहे. ते काही तुझ्यामाझ्यासारखं नाही. यंत्राला राग नाही, लोभ नाही."

"म्हणूनच त्याला मेयर करायला हवं होतं," मी म्हणालो.

ट्रेंट भिंतीपाशी कमरेच्या पट्ट्यात अंगठे खोचून उभा होता. डॅरेलने त्याला पुढे बोलावलं. "सांग यांना, यंत्र तपासतोस की नाही?"

"रोज सकाळी, सर. दोन दात्यांचा एक काटा असतो, ट्युनिंग फोर्क. तो वाजवून रडारसमोर धरायचा. काट्यावर छापलेला आकडा आला की यंत्र बरोबर."

"कुठे वाजवतोस?" मी विचारलं.

"चौकीच्या मागे."

"आणि तिला कुठे पकडलंस?"

"धान्याच्या कोठारापाशी. नेहमीच्या जागी."

तेवढ्यात पहिल्या बाकावरून ऑरव्हिल यॉस्टने मान पुढे काढली. याच्या गाई आमच्या कुंपणापलीकडे चरतात. "व्हर्न, लोरेनाला किती लिहिलं होतं रे?"

"अठ्ठावन्न."

"ऑं? मलापण अठ्ठावन्नच."

"मलाही," ट्विला ग्रेबर म्हणाली. ही चर्चमध्ये ऑर्गन वाजवते, आणि गाडीही ऑर्गनसारखीच चालवते, दोन्ही पायांनी. "मला वाटलं माझं चुकलं असेल."

त्यांच्या मागे एकाने हात वर केला. मग आणखी एकाने. अठ्ठावन्न. अठ्ठावन्न. सगळं गाव एकाच वेगाने पळत होतं आणि कुणी कुणाला विचारलं नव्हतं. प्रत्येकजण लाजून खाली मान घालून पैसे भरायला आला होता.

"माझ्यामागे गवताची गाडी जोडलेली होती रे," ऑरव्हिल ट्रेंटला म्हणाला. "गच्च भरलेली. अठ्ठावन्नने गेलो असतो तर ते गवत तुझ्या टोपीवर असतं."

"मग भरायला कशाला आलास?" मी विचारलं.

"भांडत बसायला वेळ कुणाला आहे, बाबा?"

हा माणूस गाय विकताना तिच्या शेपटीवरून अर्धा दिवस वाद घालतो.

"तू कोठाराच्या कुठल्या बाजूला उभा असतोस?" ट्विलाने विचारलं.

"पंख्यांच्या बाजूला. तिथे सावली असते."

मका वाळवायचे पंखे. पीक आलं की ते सुरू होतात ते थेट थंडी पडेपर्यंत बंद होत नाहीत. त्यांच्या घोंगाटात आम्ही झोपतो, जेवतो, प्रार्थना करतो. तो आवाज आता आम्हाला ऐकूही येत नाही.

"पंख्यासमोर रडार धरतोस?" ऑरव्हिल म्हणाला.

"पंखा काय पळतो का?" डॅरेल हसला.

"पंखा पळत नाही, डॅरेल. पाती पळतात."

कुणी हसलं नाही. कोठार रस्त्यापलीकडेच होतं. मी उठलो, माझ्यामागे ऑरव्हिल, मग सगळेच उठले. डॅरेलला रिकाम्या बाकांना न्याय देता येईना, म्हणून तोही झगा वर धरून आला. ट्रेंटने रस्त्यावर उभी असलेली गाडी नेहमीच्या जागी लावली आणि रडार नेहमीसारखं धरलं. रस्त्यावर एक मांजर होतं. ते बसून पाय चाटत होतं.

रडारवर लाल आकडा आला. अठ्ठावन्न.

"लिही त्या मांजराला चिठ्ठी," ऑरव्हिल म्हणाला. "दमलं असेल बिचारं."

आता लोक हसले. डॅरेल विक्रेता आहे, माल पडून राहणार हे त्याला लगेच कळतं. तो दोन पावलं पुढे आला, हात पसरले आणि म्हणाला, "आजच्या सगळ्यांच्या चिठ्ठ्या रद्द!" जशी उन्हाळ्यात उशांवर सूट जाहीर करतो तशी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ज्याने खिसा कापला त्यानेच पाकीट परत दिलं, म्हणून टाळ्या.

लोक गाड्यांकडे निघाले.

"आणि लोरेना?" मी विचारलं.

"तिची आधीच बंद झाली ना, व्हर्न. सगळ्यांचं सारखंच झालं."

"सारखं नाही. हे सगळे निर्दोष सुटले. ती मरून सुटली."

"मेलेल्या माणसाला निर्दोष ठरवायची सोय कायद्यात नाही रे."

"मग कायदा राहू दे. ट्रेंट, आत चल. भरल्या बाकांसमोर सांग."

"जाऊ दे व्हर्न, झालं ना आता," ऑरव्हिल म्हणाला. "माझ्या गाई थांबल्यात."

मी सर्वांत शेवटी गाडी लावली होती. सभागृहाच्या आवारातून बाहेर पडायला एकच वाट आहे आणि माझा ट्रक त्या वाटेत आडवा उभा होता. मी किल्ली खिशात घातली आणि सभागृहात जाऊन बसलो.

थोड्या वेळाने एकेक जण परत आला. काही शिव्या देत, काही घड्याळ बघत. गाव न्यायासाठी परतलं नाही. वाट अडली म्हणून परतलं.

ट्रेंट टोपी हातात घेऊन टेबलापुढे उभा राहिला. त्याने डॅरेलकडे पाहिलं. डॅरेल छताकडे बघत होता.

"यंत्रात काही अडचण आल्यामुळे..." ट्रेंटने सुरुवात केली.

"यंत्राचं नको. तिचं सांग."

"मिसेस स्टकी वेगात नव्हत्या."

"मागे ऐकू आलं नाही."

"मिसेस स्टकी वेगात नव्हत्या!" त्याचे कान लाल झाले होते.

मला एवढंच हवं होतं. पण तोंडातून निघून गेलं, "तुझ्या डोळ्यांनी तू काय पाहिलंस, पोरा?"

त्याने टोपी टेबलावर ठेवली. "हळू वाटल्या होत्या, सर. नेहमीसारख्या."

"मग?"

"यंत्र अठ्ठावन्न म्हणत होतं."

बारावीपर्यंत हा पोरगा तिच्या पाठीमागे बसला. ती रेल्वेच्या फाटकापाशी बस थांबवून दार उघडायची आणि कान देऊन ऐकायची, फाटक उघडं असलं तरी. पोरं कंटाळायची. ह्याने ते हजार वेळा पाहिलं होतं, आणि हातातल्या डबीने एक आकडा दाखवल्याबरोबर सगळं विसरला. मला त्याचा राग यायला हवा होता. पण रागासाठी समोर माणूस लागतो.

"देव तिच्या आत्म्याला शांती देवो," ट्विला म्हणाली.

"ती शांतच होती, ट्विला. पस्तीसने चालली होती."

बॉनीने विचारलं, हे कुठे लिहायचं का. मी नाही म्हणालो. आधी लिहिलं होतं तेच पुरेसं खोटं होतं.

मी ट्रक बाजूला घेतला. एकामागून एक सगळे निघून गेले, कुणी हात केला नाही. शेवटी डॅरेल आला. झगा काढून हातावर टाकलेला. खिडकीतून त्याने हात आत घातला.

"मनात काही ठेवू नकोस, व्हर्न. लोरेना फार चांगली बाई होती. मतदानाच्या दिवशी आमची आठवण ठेव."

हात तसाच माझ्या छातीसमोर. गुबगुबीत, अंगठी घातलेला.

"लोरेना असती तर तिने हात दिला असता," मी म्हणालो. "ती सगळ्यांशीच चांगली वागायची. हात बाहेर घे, डॅरेल, काच वर करतोय."