बाणाची पाटी

आमच्या गावाचा कडा दर हिवाळ्यात थोडा थोडा समुद्रात जातो. गेल्या फेब्रुवारीत काठावरची पायवाटच ढासळली आणि पंचायतीने नवी वाट माझ्या परसातून काढली. वळणावर खांब रोवून बाणाची पाटी लावली.

ईस्टरपासून माणसांची रीघ लागली. उघडी टाकलेली फाटकं, कुत्र्यांची घाण. एक बाई तर खिडकीला नाक लावून नवऱ्याला म्हणाली, "आत एक म्हातारासुद्धा आहे हं." मी उकडलेलं अंडं खात होतो.

मे महिन्यातल्या सुट्टीच्या सोमवारी मी पाना घेऊन गेलो आणि बाण जुन्या वाटेकडे फिरवला. वाटलं, पुढे कडा तुटलेला दिसला की लोक आपोआप माघारी जातील. एक दिवस तरी शांतता.

अकराच्या सुमाराला समुद्रावरून धुकं चढलं. थोड्या वेळाने कड्याकडे कुणाचं तरी कुत्रं भुंकायला लागलं, थांबेचना. मी बाहेर आलो तर खालून बाईमाणसाची हाक आली. मी बचाव पथकाला फोन केला. मग आधी खांबाकडे गेलो, बाण पुन्हा होता तसा केला, पाना खिशात टाकला, आणि त्यानंतर कड्याकडे गेलो.

खालच्या कपारीवर डोरीन टटल पडली होती. तीस वर्षं तिने गावात पत्रं वाटली. पथकाने तिला दोरांनी वर घेतलं. खुबा मोडला होता.

गावात माझं कौतुक झालं. पबमध्ये लोक म्हणायचे, "विल्फ होता म्हणून वाचली बिचारी." मी ऐकून घेतलं.

पंधरा दिवसांनी तिचा मुलगा कॉलिन भेटला. "आई सारखी म्हणते, बाण जुन्या वाटेकडेच दाखवत होता. मी जाऊन बघितलं, पाटी अगदी बरोबर आहे. तिचं डोकं आता चालत नाही, विल्फकाका. तिला वृद्धाश्रमात ठेवायचं ठरवलंय."

त्याच दुपारी बसने इस्पितळात गेलो. कॉलिन खाटेशी बसला होता. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, पान्यासकट.

कॉलिन उठला. डोरीनने त्याला हाताने थांबवलं.

"मी हाका मारत होते," ती म्हणाली. "तेव्हा तू खांबापाशी होतास?"

"हो."

"ऐकू येत होतं?"

"येत होतं."

तिने पांघरुणाची कड सारखी केली. "घरी जा, विल्फ," एवढंच म्हणाली.

पंचायतीलाही मी लेखी कळवलं. पबमध्ये आता माझ्या शेजारचं स्टूल रिकामं असतं.

डोरीन वृद्धाश्रमात गेली नाही. ऑगस्टपासून ती काठी टेकत, त्याच कुत्र्याला घेऊन पुन्हा फिरायला येते. वाट माझ्या परसातूनच आहे. मी वाफ्यात काम करत असलो तर तिला लांबून बघतो आणि आत जातो.