खडकापलीकडचा खोकला

आमचे हे आणि धाकटे भाऊजी बोलेनासे झाले ते एका दगडापायी. दोघेही पाथरवट. एका दारासाठी मोठी शिळा घडवायला घेतली होती, ती पुरी होता होता मधोमध तडकली. शेवटचा घाव कुणाचा, यावर जुंपली. भाऊजींनी बिऱ्हाड हलवलं आणि जुन्या खाणीच्या पलीकडे घर केलं. मधे नुसता उघडा खडक, झाड नाही की झुडूप नाही. वळसा घालून निघालं तर भाजी शिजेपर्यंत माणूस पोचतो. फोन तर दोन्ही घरी होते. पण आधी कोण करणार? माझं आणि जावेचंही कधी सूत जुळलं नव्हतं, तेव्हा आम्हीही गप्प.

पहिली थंडी पडली आणि एका सकाळी हे अंगणात दात घासत असताना पलीकडून भाऊजींचा खोकला आला. शेजारच्या खोलीतून यावा इतका स्वच्छ. हवा गार आणि पडलेली असली की खडकावरून आवाज असा सरळ चालत येतो. त्यांची बादली, जावेचं कुत्र्यावर खेकसणं, सगळं ऐकू येई. दगडाची भुकटी गिळून दोघांच्याही छातीचा भाता झालेला, पण भाऊजींचा खोकला फार खोलातून येत होता. हे थबकले. मग घसा खाकरून मुद्दाम मोठ्यांदा खोकले. जरा वेळाने पलीकडून उत्तर आलं, दोनदा.

तेव्हापासून रोज तेच. खोकला नसला तरी हे खोकायचे.

"इतकं माझ्याशी बोलला असतात तर संसार सोन्याचा झाला असता," मी म्हणायचे.

ते चहा पिता पिता हसायचे. भांडणानंतर त्यांचं हसू मी तेव्हाच पाहिलं. कधी म्हणायचे, "आज छातीत जास्तच भरलंय त्याच्या."

"मग जाऊन बघा."

"थोरला मी आहे. त्याने यावं."

आणि वर गूळपाणी घेऊन मी दारात उभं राहावं, अशी अपेक्षा.

मग ऊन तापायला लागलं. खडक दिवसभर भाजायचा आणि सकाळपर्यंत निवायचा नाही. वारंही उठायचं. हे खोकले, पलीकडून काही नाही. दुसऱ्या दिवशी काही नाही. आठवडाभर खोकून घसा बसला, तरी नाही.

"बघितलास माज?" हे म्हणाले. "मी आपणहून खोकतोय आणि हा उत्तर देत नाही."

"अहो, हवा तापलीय. आवाज वरच्या वर उडून जातो. दर वर्षीचं आहे हे. त्या बाजूच्या शाळेची घंटा थंडीत माझ्या स्वयंपाकघरात वाजते, आता येते का ऐकू?"

"उन्हाळ्यात शाळेला सुट्टी असते."

मी कपाळाला हात लावला. "आणि कुत्रा? तोही भुंकताना ऐकू येत नाही. तोही रुसला का?"

"खातो कुणाचं? मालकासारखाच असणार."

या माणसापुढे शहाणपण सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. आयुष्यभर हातोड्याच्या दणदणाटात राहिलेला माणूस, त्याला दूरचं काही ऐकायची सवयच नव्हती. पुढे पुढे ते अंगणात जाईनासे झाले. मोरीतच दात घासायचे, आणि दिवसभर कुणावर तरी चिडलेले असायचे. बहुतेक माझ्यावर.

जावेचा फोन आला तो भर दुपारी. "ताई, हे गेले." इतकंच बोलली आणि ठेवला.

वळसा घालून आम्ही पोचलो. भाऊजींना पुढच्या खोलीत ठेवलं होतं. इतके वाळले होते की मला आधी ओळखूच आले नाहीत. जाऊ भिंतीला टेकून बसली होती. यांना बघून उठली नाही.

"दादा, हे थंडीभर तुमच्या खोकल्यासाठी अंगणात बसायचे," ती म्हणाली. "आला की खूश व्हायचे. मग तुम्ही थांबलात. म्हणाले, 'आता काय चुकलं माझं? दादा परत रागावला.' तरी रोज बसून खोकायचे. त्रास व्हायचा, मी आत बोलवायचे, पण ऐकायचे नाहीत. म्हणायचे, 'त्याला ऐकू जातंय. तो मुद्दाम गप्प आहे.'"

"मग यायचं होतं ना त्याने," हे म्हणाले.

"मी म्हटलं, जा. तर म्हणाले, 'खोकल्यालाही जो उत्तर देत नाही तो दार काय उघडणार?'"

यांनी माझ्याकडे पाहिलं. मला त्यांचा राग आला होता, फार आला होता, पण त्या चेहऱ्याकडे बघून तो कुठे ठेवावा ते मला कळेना. ते भावाच्या उशाशी बसले. वाकून, अगदी कानाशी तोंड नेऊन म्हणाले,

"मी खोकत होतो रे. घसा बसेपर्यंत खोकत होतो. विचार तुझ्या वहिनीला."

भांडण झाल्यापासून भावाशी ते पहिल्यांदाच बोलत होते.