पसंतीच्या पाच ओळी

अर्जावर पसंतीच्या पाच ओळी होत्या. दीप्तीनं पाचही भरल्या होत्या, घरापासूनच्या अंतराच्या क्रमानं: अडीच किलोमीटर, साडेसहा, नऊ, अकरा आणि अठरा. पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या बाईला मोजल्याशिवाय करमत नाही. मुलीला, मैत्रीला, सहावीत घालायचं होतं. मस्कतच्या भारतीय शाळांत जागा थोड्या, म्हणून सोडत. पाचांतली एखादी तरी मिळेलच, असं तिनं धरलं होतं.

निकाल आला: जागा नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती नवऱ्याला, सतीशला, घेऊन प्रवेशाच्या ऑफिसात गेली. खिडकीतली जोहरा रत्नागिरीची. मराठी ऐकताच तिनं स्क्रीन दीप्तीकडे वळवली.

"ताई, तुमची एकच ओळ भरलेली आहे."

"एक कशी? पाच आहेत. मी स्वतः भरल्यात."

"मग खालच्या चार कुणी पुसल्या?"

दीप्ती बघतच राहिली. चार ओळी कोऱ्या करकरीत. तिनं सावकाश मान वळवली. सतीश एसीकडे बघत होता.

"तू?"

"अगं, ऐक ना. पाठवायच्या आधी मीच काढल्या. आम्ही टेंडर भरतो, त्यात पर्याय दिला की समोरचा नेमका पर्यायच उचलतो. गाला भागातल्या आमच्या ऑफिसात रोज बघतो मी. म्हटलं, एकच नाव दिलं तर त्यांना कळेल, आपल्याला हीच हवीय."

"कुणाला कळेल? कॉम्प्युटरला?"

जोहरानं मध्येच विचारलं, "ताई, दुसऱ्या ओळीत कुठली शाळा होती?"

दीप्तीनं नाव सांगितलं. जोहरानं स्क्रीनवरची यादी खाली सरकवली.

"तिथं सहावीला चौदा जागा नि अर्ज नऊ. सोडत काढावीच लागली नाही. ज्यांनी नाव लिहिलं त्या सगळ्यांना मिळाली."

"म्हणजे पाच उरल्या!"

"सकाळी उरल्या होत्या. आठ वाजता आलेल्यांनी नेल्या. खलास."

नुसतं नाव लिहायचं होतं, आणि ते तिनं लिहिलं होतं. सतीश काहीतरी पुटपुटला. ते तिच्या कानापर्यंत पोचलंच नाही.

"आता दोनच राहिल्यात," जोहरा हळूच म्हणाली. "एक जवळची, पण दुपारची पाळी, साडेबारा ते सहा. दुसरी सकाळची, पण पार शहराबाहेर. उद्या अकरापर्यंत सांगा."

दुपारची घेतली तर पोरगी सकाळभर घरात एकटी. लांबची घेतली तर रोज बस, आणि मैत्रीला गाडी लागायची.

"आई, मला मॉर्निंगची पाहिजे," घरी मैत्रीनं जाहीर केलं. "सगळे फ्रेंड्स खाली खेळणार आणि मी क्लासमध्ये? नो वे!"

"आणि उलटी झाली तर?"

"नाही होणार. मी विंडोला बसणार. प्रॉमिस."

"प्रॉमिस नको, मोजून बघू. उद्या बसच्याच वेळी, बसच्याच रस्त्यानं जाऊ. तासाभरात पोचलो आणि तुझं पोट शांत राहिलं, तर लांबची. यातलं एक जरी बिघडलं, तर दुपारची."

"मी काय म्हणतो," सतीशनं सुरुवात केली.

"तू गाडी चालव."

पहाटे पावणेसहाला ते निघाले. बसच्या प्रत्येक थांब्यावर सतीश मिनिटभर थांबला. शाळेचं फाटक आलं तेव्हा दीप्तीनं घड्याळ बघितलं.

चोपन्न मिनिटं. उलट्या दोन.